म्हाताऱ्या हॅमस्टरचे सांधे पुन्हा पुन्हा आखडत असतील तर

लक्षणे

दीड वर्ष उलटलेला हॅमस्टर संध्याकाळी घरट्यातून बाहेर येतो तेव्हा पहिली आठ-दहा पावले नीट पाहावीत, कारण सांध्यांची तक्रार तिथेच पहिल्यांदा दिसते. मागचे पाय नेहमीपेक्षा फाकलेले असतात, पाठ किंचित कुबडलेली असते आणि तो चालण्याऐवजी सरकत असल्यासारखा वाटतो. थोडे फिरल्यावर चाल मोकळी होते, म्हणून घरच्यांना काही बिघडले आहे असे वाटत नाही. पुढच्या आठवड्यांत रात्रीचा चाकाचा आवाज कमी होतो. तो पाण्याच्या बाटलीकडे मान वर करतो, पुढचे पंजे काचेवर टेकवतो आणि पाणी न पिताच खाली बसतो. कंबरेवरचे आणि शेपटीजवळचे केस विस्कटलेले राहतात, कारण मान वळवून तिथपर्यंत चाटणे त्याला जमत नाही. तो घरट्याच्या तोंडाशीच लघवी करू लागतो. उचलताना एरवी शांत असणारा प्राणी अचानक चावतो, आणि हा रागीटपणा नसून दुखणे आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

आकाराने मोठ्या सीरियन हॅमस्टरचे आयुष्य साधारण 2 ते अडीच वर्षांचे असते आणि लहानखुऱ्या ड्वार्फ जातींचे बहुधा त्याहून थोडे कमी, त्यामुळे दीड वर्षाचा हॅमस्टर हा खरोखरच म्हातारा असतो. गेल्या 11 वर्षांत नाशिकमध्ये माझ्या घरी आठ हॅमस्टर म्हातारे झाले आणि त्यांपैकी सहा जणांचे सांधे आखडले. प्रत्येकाच्या बाबतीत एकच गोष्ट दिसली. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही, पण त्याला होणारा त्रास बराचसा पिंजऱ्याच्या मांडणीतून येतो आणि ती मांडणी आपल्या हातात असते. म्हणूनच उपाय केल्यावर महिना-दीड महिना बरा गेलेला प्राणी पुन्हा अवघडल्यासारखा चालू लागला, तर लगेच औषध वाढवण्याचा विचार न करता खालच्या तपासण्या पहिल्यापासून पुन्हा कराव्यात. बहुतेक वेळा नखे पुन्हा वाढलेली असतात, बेडिंग म्हणजे पिंजऱ्यातले अंथरूण दबलेले असते किंवा हवा बदललेली असते.

आधी हे सांधेदुखीशिवाय दुसरे काही नाही ना, ते ठरवावे

सांधे हळूहळू धरतात. काल संध्याकाळी धावणारा हॅमस्टर आज एक पाय लोंबकळत ठेवून चालत असेल तर ते बहुधा हाड मोडल्याचे लक्षण आहे, आणि दोन्ही मागचे पाय एकदम लुळे पडले असतील तर पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते. मान एका बाजूला कलली असेल आणि तो गोल गोल फिरत असेल तर दुखणे कानात किंवा मेंदूत असू शकते. पोट फुगलेले असून अंग मात्र हाडकुळे झाले असेल, श्वास जोरजोरात चालला असेल, पंजे थंड आणि निळसर दिसत असतील, तर हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असण्याची शक्यता मोठी असते. म्हाताऱ्या हॅमस्टरमध्ये हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होणे आणि मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचे प्रथिन साचणे हे दोन्ही आजार पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. यांपैकी काहीही दिसले तर पुढचे वाचत बसू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. पिंजऱ्याची मांडणी नंतर बदलता येते.

पहिली तपासणी: ऊब

हिला एक पैसाही लागत नाही, म्हणून हिच्यापासून सुरुवात करावी. घरातला साधा तापमापक पिंजऱ्याच्या तळाशी, घरट्याच्या शेजारी ठेवून तो पहाटे पाच-साडेपाचला वाचावा. खोलीच्या मध्यभागी उबदार वाटले तरी फरशीवर ठेवलेल्या पिंजऱ्याच्या तळाशी हवा चांगलीच थंड असते. हॅमस्टरला साधारण 20 ते 24 अंश सेल्सिअस मानवते. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेरचे तापमान एक आकडी होते, आणि आमच्याकडचे सगळे दुखणे दरवर्षी दिवाळीनंतर डोके वर काढते ते याच कारणाने. मुंबईत किंवा कोकणात थंडीची अडचण नसली तरी रात्रभर चालणारा एसी तेच काम करतो, आणि त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर येत असेल तर अधिकच.

पिंजरा फरशीवरून उचलून टेबलावर घ्यावा, बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवावा आणि त्याच्या तीन बाजूंना जुन्या गोधडीचा तुकडा लावून एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. एवढ्याने भागले नाही तर गरम पाण्याची पिशवी गोधडीत गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून एकाच कडेला टेकवावी. एकाच कडेला म्हणण्याचे कारण असे की जास्त गरम वाटले तर त्याला उठून दुसऱ्या बाजूला जाता आले पाहिजे. कोंबडीच्या पिलांना लावतात तसा बल्ब इथे लावू नये. हॅमस्टर रात्री जागा असतो, रात्रभराच्या उजेडाने त्याचे सगळे वेळापत्रक बिघडते आणि बल्ब जवळ असला तर भाजण्याचीही भीती असते. विजेवर तापणारी गादीही पिंजऱ्यात ठेवू नये, कारण तो वायर कुरतडतो.

इथे एक गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. हवा फार थंड झाली, दिवस लहान झाला आणि खाणे कमी पडले तर हॅमस्टर टॉर्परमध्ये, म्हणजे थंडीच्या गाढ गुंगीत जातो. अंग गार पडते, पाय आखडतात, श्वास इतका मंद होतो की तो दिसतही नाही, आणि घरचे लोक त्याला मेलेला समजतात. चिकू नावाच्या माझ्या सीरियन हॅमस्टरसाठी मी अंगणात खड्डा खणायला घेतला होता. त्याला रुमालात गुंडाळताना मिशीचा एक केस हलल्याचे दिसले, म्हणून खुरपे खाली ठेवले. तळहातांच्या ओंजळीत धरून आणि अंगावर लोकरीची शाल घेऊन बसल्यावर तो हलू लागायला पाऊण तास लागला. असा प्राणी सापडला तर त्याला हळूहळूच ऊब द्यावी, शेगडीजवळ किंवा हीटरसमोर धरू नये आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी किंवा दूध मुळीच घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. म्हाताऱ्या शरीराला हा धक्का फार जड जातो, त्यामुळे तो जागा झाल्यावर पशुवैद्याला दाखवावे.

दुसरी तपासणी: तळवे आणि नखे

तळवे पाहण्यासाठी हॅमस्टरला उलटे करण्याची गरज नाही, आणि दुखऱ्या प्राण्याला तसे करूही नये. पारदर्शक प्लास्टिकच्या स्वच्छ डब्यात त्याला ठेवावे, डबा दोन्ही हातांनी डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर धरावा आणि खालून पाहावे. गुलाबी, कोरडे, सारख्या जाडीचे तळवे ठीक असतात. टाचेशी लालसर सूज, खपली किंवा फोड दिसला तर दुखणे सांध्यात नसून पायाच्या कातडीत आहे. त्याचे कारण बहुधा तारेचा तळ, तारेचे चाक किंवा ओले बेडिंग हे असते, आणि जखम उघडी असेल तर ती पशुवैद्यालाच दाखवावी.

नखांचे महत्त्व लोकांना पटत नाही, पण माझ्या अनुभवात दुखणे उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. तरुण हॅमस्टर उकरतो, धावतो आणि नखे आपोआप झिजतात. म्हातारा कमी हिंडतो, म्हणून नखे वाढून वळतात, पंजा सपाट टेकत नाही आणि प्रत्येक पावलाला बोटाचा सांधा वाकडा होतो. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. लहान बाळाच्या नेलकटरने फक्त टोकाचा पांढुरका भाग कापावा. आतली गुलाबी रेघ ही रक्तवाहिनी आहे आणि तिच्या अलीकडेच थांबावे. एका बैठकीत सगळी नखे झालीच पाहिजेत असे नाही. दोन कापून त्याला सोडावे आणि दोन दिवसांनी पुढची कापावीत. चुकून रक्त आलेच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. शहाबादी फरशीचा तळहाताएवढा खरखरीत तुकडा धुऊन खाण्याच्या जागी ठेवला तर नखे थोडी थोडी आपसूक घासली जातात. फक्त हिवाळ्यात तो काढून घ्यावा, कारण दगड गार पडतो.

तिसरी तपासणी: जमीन आणि उंची

बाजारात मिळणारे बरेच पिंजरे तीन मजली, तारेचे आणि शिड्यांचे असतात. हॅमस्टरला चढता चांगले येते, पण उतरता येत नाही आणि उंचीचा अंदाजही नीट येत नाही, त्यामुळे तो उतरण्याऐवजी पडतो. आखडलेल्या पायांनी तर हमखास पडतो, आणि प्रत्येक पडण्याने दुखणे एक पायरी पुढे जाते. शिड्या आणि वरचे मजले काढून टाकावेत आणि सगळे एकाच पातळीवर आणावे. प्लास्टिकचा मोठा टब, ज्याच्या झाकणात जाळी बसवली आहे, तो म्हाताऱ्या हॅमस्टरसाठी महागड्या मजली पिंजऱ्यापेक्षा कितीतरी चांगला.

बेडिंगबाबत माझे मत पुस्तकी सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. जितके खोल तितके चांगले, हे तरुण प्राण्याला लागू पडते. ज्याचे गुडघे नीट वाकत नाहीत त्याला भुसभुशीत ढिगातून वाट काढणे म्हणजे आपल्याला कोरड्या वाळूत चालण्यासारखे असते. म्हणून घरट्याच्या कोपऱ्यात 15 सेंटिमीटर खोल बेडिंग ठेवावे, म्हणजे त्याला उबेत पुरून झोपता येईल, आणि घरटे ते खाणे-पाणी या वाटेवर मात्र तीन-चार सेंटिमीटरचा हाताने दाबून घट्ट केलेला थर ठेवावा. बिनवासाचे कागदी बेडिंग किंवा हाताने फाडलेला साधा पांढरा टिश्यू पेपर उत्तम. सुताराकडचा भुसा आणू नये. त्यात बारीक धूळ असते, प्लायवूडचा डिंक असतो आणि कोणकोणती लाकडे मिसळलेली असतात हे कळत नाही. गादीतला कापूसही घालू नये, कारण त्याचे धागे पायाभोवती आवळले जातात आणि मंद चालणाऱ्या प्राण्याला त्यातून सुटता येत नाही. पावसाळ्यात कोपऱ्यातले ओले बेडिंग रोज काढावे.

पाण्याची बाटली खाली आणून त्याला मान न उचलता पिता येईल अशा उंचीवर लावावी, आणि तिच्या जोडीला चिनी मातीच्या बरणीचे जड, उथळ झाकण पाणी भरून ठेवावे. खाण्यासाठी दिवाळीतली मोठी पणती फार सोयीची पडते: काठ ठेंगणा असतो आणि पंजा टेकला तरी ती उलटत नाही. घरट्याचे दार जमिनीलगत असावे. रेवडी नावाची माझी हॅमस्टर वरून शिरायच्या नारळाच्या करवंटीत झोपायची. कडेला दोन बोटांचे दार कोरून दिल्यावर दुसऱ्याच दिवशी ती घरट्याबाहेर जाऊन लघवी करू लागली. तिला आत-बाहेर करणेच जड जात होते, आणि मी मात्र आठवडाभर मूत्रमार्गाच्या आजाराच्या काळजीत होतो.

चौथी तपासणी: चाक

इथे खर्च सुरू होतो. हॅमस्टर धावत असताना त्याला बाजूने पाहावे. पाठ धनुष्यासारखी वर वळत असेल तर चाक लहान आहे. सीरियनला सुमारे 28 सेंटिमीटर व्यासाचे आणि ड्वार्फला सुमारे 20 सेंटिमीटरचे चाक लागते, तर पिंजऱ्याबरोबर मिळणारी चाके यापेक्षा पुष्कळ लहान असतात. धावपट्टी सलग असावी, कारण तारांच्या फटीत पाय अडकून मोडतो. सांधे दुखतात म्हणून चाक कायमचे काढून टाकणे ही मी सुरुवातीला केलेली चूक आहे. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दोन-तीन आठवड्यांत वितळल्यासारखे होतात आणि मग सांध्याला आधारच उरत नाही. तो चाकातून पडत असेल तर रात्री तासभर, आपल्या नजरेसमोर चाक द्यावे. पडत नसेल तर राहू द्यावे.

पाचवी तपासणी: वजन आणि खाणे

1 ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा, त्यावर स्टीलचे खोलगट भांडे ठेवावे, भांड्यात काकडीचा काप टाकून काटा शून्यावर आणावा आणि हॅमस्टरला आत सोडावे. तो खाईपर्यंत आकडा स्थिर होतो. दर रविवारी एकाच वेळी घेतलेले वजन वहीत लिहावे. प्रौढ सीरियन साधारण 100 ते 150 ग्रॅमचा असतो, पण ठरावीक आकड्यापेक्षा त्याचे स्वतःचे गेल्या महिन्याचे वजन अधिक महत्त्वाचे. वजन जास्त असेल तर दुखऱ्या सांध्यांवर विनाकारण भार पडतो आणि त्याचे कारण बहुतेक घरांत सूर्यफुलाच्या बिया असतात. त्यांत चरबी भरपूर आणि कॅल्शियम कमी असते, तरी तो बाकीचे सगळे बाजूला सारून त्याच निवडतो. दिवसाला दोन-तीन बियांवर आणावे आणि त्याही हातातून द्याव्यात, म्हणजे त्यासाठी तो चार पावले चालतो.

वजन घटत असेल तर गोष्ट वेगळी. पणती रिकामी झाली म्हणजे खाल्ले असे समजू नये, कारण हॅमस्टर गालांच्या पिशव्यांत भरून सगळे घरट्यात साठवतो. साठा उघडून पाहिल्याशिवाय खरे कळत नाही. कडक खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करावे, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग वाटाण्याएवढा द्यावा, मोड आलेले मूग थोडे द्यावेत. मीठ, तेल, फोडणी, कांदा-लसूण यांचा स्पर्शही नको. ड्वार्फ जातींना मधुमेहाकडे झुकण्याची प्रवृत्ती असते, म्हणून त्यांना फळे आणि गाजर देऊ नये. तो एकाएकी खूप पाणी पिऊ लागला आणि खूप लघवी करू लागला तर पशुवैद्याकडे न्यावे.

घरचे उपाय कुठे थांबवावेत

आपल्याकडे सांधे दुखले की तेल जिरवायचे, बाम लावायचा, हळदीचे दूध द्यायचे ही सवय अंगवळणी पडलेली आहे आणि ती मायेपोटीच असते. हॅमस्टरला यांतले काहीही करू नये. अंगाला लावलेले सर्व काही तो चाटून पोटात घेतो, आणि तेलाने केस चिकटले की अंगातली ऊब टिकत नाही.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीच देऊ नयेत. 60 किलोच्या माणसाच्या मानाने 120 ग्रॅमचा हॅमस्टर 500 पटींनी हलका आहे. गोळीचा कण मोडून अंदाजाने दिलेली मात्रा ही मात्रा नसतेच. डायक्लोफेनॅकचे मलम घरोघरी असते, म्हणून त्याबद्दल वेगळे सांगतो. हे औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली, म्हणून 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली. गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आलेले मेलॉक्झिकॅम हेच औषध पशुवैद्य हॅमस्टरच्या सांधेदुखीवरही वापरतात, पण द्रवरूपात, वजनावर मोजून आणि मूत्रपिंड ठीक आहे याचा अंदाज घेऊन. घरात उरलेले अँटिबायोटिकही देऊ नये. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, घातक जंतू वाढतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. ही गोष्ट गुरांवर किंवा कुत्र्यांवरच उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चटकन लक्षात येईलच असे नाही, म्हणून औषध लिहून घेताना नम्रपणे विचारून घ्यावे.

वरच्या पाचही तपासण्या करून दहा दिवस झाले आणि चालीत फरक पडला नाही, किंवा वजन दहा टक्क्यांनी घटले, तर घरचे प्रयत्न तिथे थांबवावेत. 12 तास काही खाल्ले नसेल तर तेवढीही वाट पाहू नये. लहान प्राणी पाहणारे पशुवैद्य मुंबई-पुण्यात शोधल्यास सापडतात. नाहीतर मुंबईत परळ आणि इतरत्र शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत चौकशी करावी. जाण्याआधी फोन करून हॅमस्टर पाहतात का, हे विचारावे, कारण निष्फळ प्रवास त्याला झेपत नाही. नेताना त्याच्याच घरट्यातले बेडिंग घातलेला लहान डबा घ्यावा, पाण्याऐवजी काकडीचा काप ठेवावा आणि उन्हाची वेळ टाळावी. वजनाची वही आणि त्याच्या चालण्याचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बरोबर असावा; अनोळखी टेबलावर हॅमस्टर भीतीने एक तर गोठून बसतो किंवा पळतो, आणि घरी दिसणारी चाल डॉक्टरांना दिसतच नाही.

रेवडीच्या शेवटच्या महिन्यात मी वहीत रोज चार प्रश्नांची उत्तरे लिहीत होतो: ती स्वतः खाण्याकडे आली का, पाणी प्यायली का, तोंड धुतले का, घरटे नीट केले का. आधी चारही उत्तरे होकारार्थी होती, औषधानंतर पुन्हा तीन आठवडे तशीच राहिली आणि मग एकेक करून नाही येऊ लागली. सलग तीन दिवस चारही नाही आल्यावर मी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पाने उलटून पाहिली, तिला तपासले आणि आता औषध वाढवून उपयोग नाही असे सांगितले. आधी भूल देऊन तिला गाढ झोपवले आणि मगच शेवटचे इंजेक्शन दिले. तोपर्यंत ती माझ्या हातातच होती.